इंग्रजी पेपर कुठून उघडावा

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी लातूर-बीडहून, धुळे-नंदुरबारहून पुण्यात आलेल्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यातच एक सल्ला मिळतो. इंग्रजी पेपर लावा, पहिल्या पानापासून वाचा, अग्रलेख चुकवू नका आणि अडलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवा. सल्ला देणारा आपुलकीनेच देतो. त्यालाही कुणीतरी तोच दिलेला असतो. पण मराठी माध्यमातून आलेले कितीतरी चांगले वाचक या सल्ल्यापायीच इंग्रजी वाचनातून बाहेर पडतात, असे माझे ठाम मत आहे. सकाळचे तीन तास जातात, जेमतेम एक पान होते, वहीत पानभर शब्द जमतात आणि त्यांतले बहुतेक पुन्हा महिनाभर भेटतच नाहीत. काही दिवसांनी पेपर घडीसकट टेबलावर पडून राहू लागतो. मग ती मुलगी किंवा तो मुलगा स्वतःबद्दल ठरवून टाकतो की आपले इंग्रजीच कच्चे आहे. कच्ची असते ती वाचायची रीत, आणि ती आपण त्यांना कधी शिकवलेलीच नसते.

या गैरसमजाची किंमत मोठी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात, पण प्रश्नपत्रिका छापली जाते हिंदी आणि इंग्रजीत. शिवाय इंग्रजीचा ३०० गुणांचा पात्रता पेपर असतो. त्यात २५ टक्के गुण नसतील तर बाकीचे पेपर विचारातच घेतले जात नाहीत. परीक्षा बाजूला ठेवली तरी प्रश्न सुटत नाही. शेतमालाच्या निर्यातीचे आदेश, विम्याच्या अटी, उच्च न्यायालयाचे निकाल, औषधाच्या पाकिटातला कागद, हे सगळे आपल्यापर्यंत आधी इंग्रजीत येते. ज्याला वाचता येते त्याला ते आज कळते. बाकीच्यांना कुणी सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढेच कळते.

म्हणून मला उलटा सल्ला द्यायचा आहे. इंग्रजी पेपर वाचायला शिकणाऱ्याने आजचा पेपर पहिल्या पानापासून उघडू नये. ज्या विषयाची आपल्याला मराठीतून, घरातून, गावातून आधीच माहिती आहे असा एकच विषय धरावा. त्या विषयावरच्या जुन्या बातम्या तारखेच्या क्रमाने काढाव्यात, आणि मराठी पेपर शेजारी ठेवून त्या वाचाव्यात. कमी वेळात जास्त वाचणे म्हणजे डोळे भराभर फिरवणे नव्हे. काय वाचायचे आणि काय बिनधास्त सोडायचे, हे कळणे म्हणजे ते.

शब्दसंग्रहाची अडचण मी नाकारत नाही. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली एक हिशेब मांडला. मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील तर वाचक कुणाच्या मदतीशिवाय तो मजकूर समजून घेऊ शकतो, आणि इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी तशी वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे माहीत असावी लागतात. एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक शब्दकुळ. सहाशे शब्दांच्या बातमीत बारा शब्द अनोळखी असले तरी वाचन चालू राहते. ओळखीचे शब्द ९५ टक्क्यांवर आले की अनोळखी तीस होतात, म्हणजे दर वीस शब्दांमागे एक ठेच.

हा आकडा ऐकला की शिकवणीवाले म्हणतात, मग आधी नऊ हजार शब्द पाठ करा. इथेच वाट चुकते. नऊ हजार हा आकडा सगळ्या विषयांचा मिळून आहे. त्यात क्रिकेट आहे, गाझा आहे, दिवाळखोरी कायदा आहे, सिनेमाचे परीक्षण आहे आणि मंगळावरचे यानही आहे. एका विषयाचा संसार त्या मानाने फार लहान असतो. त्याचे शे-दीडशे शब्द दर बातमीत परत परत येतात, त्याच माणसांच्या आणि खात्यांच्या तोंडी येतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८१ साली अशा अरुंद वाचनाची बाजू मांडली होती. त्यांचे म्हणणे सरळ होते. नवशिक्याला आपण तुकड्यातुकड्यांनी सगळे थोडे थोडे वाचायला लावतो, त्यामुळे तो कायम पहिल्या पानावरच अडखळत राहतो. एकाच लेखकाचे किंवा एकाच विषयावरचे सलग वाचले तर पहिली पाने जड जातात आणि पुढची हलकी होत जातात. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेपर वाचणारा नवशिका दर बातमीला नव्याने पहिल्या पानावर येतो.

कांद्याचे उदाहरण घेऊ. निफाड, येवला, चांदवड किंवा सटाणा भागातल्या कुठल्याही घरातल्या मुलीला कांद्याचे अर्थकारण समजावून सांगावे लागत नाही. आवक वाढली की भाव पडतो, चाळीतला उन्हाळी कांदा किती महिने टिकतो, खरीप आणि रांगड्यात फरक काय, लिलाव बंद पडला की घरात काय होते, हे तिला ठाऊक असते. आता या मुलीने ग्रंथालयातून किंवा पेपरच्या संकेतस्थळावरून ऑगस्ट २०२३ पासूनच्या कांद्याच्या इंग्रजी बातम्या काढाव्यात. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. लासलगावसह नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी, आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत आणि मग पुढे बेमुदत. लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू असताना ४ मे २०२४ ला बंदी उठली. सप्टेंबरमध्ये किमान निर्यात मूल्य काढले आणि शुल्क २० टक्क्यांवर आणले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. प्रत्येक बातमीनंतर पुढे काय झाले हे तिला आधीच माहीत आहे. त्यामुळे वाक्य अर्धे कळले तरी उरलेल्या अर्ध्याचा अंदाज ती बरोबर बांधते, आणि अंदाज खरा ठरला की शब्द आपोआप डोक्यात बसतो. 'एक्सपोर्ट ड्यूटी', 'कर्ब्ज', 'बफर स्टॉक', 'अरायव्हल्स', 'मोडल प्राइस', 'लेट खरीप' हे शब्द दहाव्या बातमीपर्यंत तिच्यासाठी नवे राहत नाहीत. शब्दकोश उघडून जे महिन्यात होत नाही ते इथे आठवड्यात होते.

शिळी बातमी वाचून काय उपयोग, असे कुणी विचारेल. शिकणाऱ्यासाठी जुनी बातमी ताज्या बातमीपेक्षा चांगली, कारण तिचा शेवट त्याच्या हातात असतो. ताजी बातमी दोन ओझी एकदम देते: काय घडले तेही शोधा आणि कोणत्या भाषेत सांगितले तेही सोडवा. जुन्या बातमीत पहिले ओझे उतरलेले असते, सगळी ताकद दुसऱ्यावर लावता येते.

भाषेबरोबर आणखी एक गोष्ट या वाचनातून हाती येते, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. गावात आपण म्हणतो, केंद्राने कांदा मारला. इंग्रजी बातम्या सलग वाचल्या की केंद्र म्हणजे नेमके कोण ते दिसते. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्याचा आदेश वाणिज्य मंत्रालयाखालचे विदेश व्यापार महासंचालनालय काढते. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. राखीव साठ्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत कांदा घेणे आणि शहरात स्वस्तात विकणे हे ग्राहक व्यवहार खात्याचे काम. निवेदन कुणाला द्यायचे, प्रश्न कुणाला विचारायचा, खासदाराने कोणत्या मंत्र्याकडे जायला हवे, हे यावरून ठरते. ते कळलेला शेतकरी गट आणि न कळलेला गट यांच्या मोर्चाची ताकद सारखी नसते.

शिवाय बातमी कुणासाठी लिहिली आहे तेही उघडे होते. दिल्ली-मुंबईचा इंग्रजी पेपर कांद्याकडे बहुतेक वेळा किरकोळ भावाच्या बाजूने पाहतो. भाव चढला की तिथे बातमी होते. नाशिकच्या आवृत्तीतला मराठी पेपर घाऊक लिलावाच्या बाजूने पाहतो. भाव पडला की तिथे बातमी होते. दोन्ही खरे असू शकतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला शहरातल्या ग्राहकाची आणि बांधावरच्या उत्पादकाची अशी दोन्ही गाऱ्हाणी दिसतात, आणि एकाच्या भाषेत दुसऱ्याची बाजू मांडण्याची तयारी होते. फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला हे मिळत नाही. मराठी माध्यमाचा वाचक इथे मागे नाही, दोन पावले पुढे आहे. इंग्रजी सुधारायचे तर मराठी पेपर बंद करा, असे सांगणाऱ्या शिक्षकांनी त्याचे हे भांडवलच काढून घेतलेले असते.

मराठी पत्रकारितेची सुरुवातच अशा जोडवाचनाने झाली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, रकान्याला रकाना लावून. १८६२ साली निघालेले 'इंदुप्रकाश'ही दोन्ही भाषांत होते. १८८१ च्या जानेवारीत टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत अशी दोन पत्रे दोन दिवसांच्या अंतराने सुरू केली. त्या काळच्या शिकलेल्या माणसाला एकच विषय दोन भाषांत वाचणे नवे नव्हते. पुढे शाळा मराठी माध्यम आणि इंग्रजी माध्यम अशा वेगळ्या झाल्या, आणि घरात येणारा पेपरही एकाच भाषेचा झाला. आज पुन्हा तशी सोय आहे. 'लोकसत्ता' आणि 'इंडियन एक्स्प्रेस' एकाच समूहाचे, 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'टाइम्स ऑफ इंडिया' एकाच समूहाचे; बीबीसीचीही २०१७ पासून मराठी सेवा आहे. 'एक्स्प्रेस'चे 'एक्स्प्लेन्ड' पान आणि 'लोकसत्ता'चे 'विश्लेषण' अनेकदा एकाच घडामोडीवर असतात. आधी मराठी वाचायचे, मग इंग्रजी. यात चोरी कसली? बातमी कळणे हे वाचनाचे काम आहे आणि ते आधी उरकून घेतले तर भाषेकडे लक्ष द्यायला जागा मोकळी होते.

आता बातमीच्या बांधणीकडे वळू. ती ओळखता आली की वाचनाचे निम्मे कष्ट वाचतात. इंग्रजी बातमीत सगळ्यात महत्त्वाचे पहिल्या एक-दोन वाक्यांत असते आणि खाली जावे तसे महत्त्व उतरत जाते. शेवटचे परिच्छेद बहुधा आधीच्या घटनांची उजळणी असते. म्हणून ओळखीच्या विषयावरची बातमी चार परिच्छेदांनंतर सोडली तरी नुकसान नाही. नव्या विषयावरची बातमी मात्र तळापासून वाचावी: पार्श्वभूमी आधी, मग मथळा. मथळ्यांचे स्वतःचे व्याकरण असते. काल घडलेले वर्तमानकाळात लिहितात, पुढे होणाऱ्याला नुसते 'टू' लावतात, आणि 'थ्री हेल्ड' म्हटले की तिघांना अटक झाली असे समजायचे. मधले क्रियापद गाळलेले असते. 'मल', 'नॉड', 'फ्ले', 'प्रोब', 'नॅब', 'क्वॉश' अशी तीसेक क्रियापदे मथळ्यांत फिरून फिरून येतात, ती एका कागदावर मावतात. नामांची माळ आली की मराठी वाचकाला घाबरायचे काहीच कारण नाही. 'ओनियन एक्सपोर्ट ड्यूटी कट' ही माळ आपल्या 'कांदा निर्यात शुल्क कपात'च्याच क्रमाने ओवलेली आहे.

खरी अडचण लांब वाक्यात येते, आणि तिचे कारण आपल्या वाचनाच्या सवयीत आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. आपण सगळा मजकूर मनात धरून शेवटची वाट पाहत वाचतो. 'ज्याने अमुक केले, तो' असे विशेषण आपण आधी सांगतो आणि माणूस नंतर आणतो. इंग्रजी बातमीचे वाक्य कर्ता आणि क्रियापद पहिल्या काही शब्दांत टाकून मोकळे होते. मग 'व्हिच', 'हू', 'आफ्टर', 'फॉलोइंग' यांच्या मागे शेपटी लांबत जाते. शेवटपर्यंत श्वास रोखून वाचायची सवय असलेला वाचक त्या शेपटीत गुंततो आणि सुरुवातीला सांगितलेली गोष्ट विसरतो. त्याने पेन्सिल घेऊन फक्त दोन शब्दांखाली रेघ मारावी: कुणी आणि काय केले. पंधरा-वीस बातम्यांत डोळा आपोआप ते शोधू लागतो. मला वाटते, मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला ही एक गोष्ट जरी नीट करून घेतली तरी पुष्कळांचे पेपरवाचन सुरू होईल. आज त्या तासाचा मोठा भाग धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे उतरवण्यात जातो.

यावरून अग्रलेखाबद्दलचे माझे मत लक्षात येईल. नवशिक्याने अग्रलेख सगळ्यात शेवटी वाचावा. तो अशा वाचकासाठी लिहिलेला असतो ज्याला कालची बातमी, तिच्या मागची दोन वर्षे आणि संबंधित कायदा माहीत आहे. त्यात घटना अर्ध्या ओळीत उरकते, आणि उरलेली जागा मत मांडण्यात, सूचक टोल्यांत आणि दुहेरी नकारात जाते. 'गैर म्हणता येणार नाही' अशा वळणाने पुढे जाणारे वाक्य इंग्रजीत उलगडताना चांगला वाचकही क्षणभर थांबतो. त्यातले शब्द भारदस्त असतात म्हणून शब्दांची यादी वाढते, पण विषय हाती लागत नाही. आधी मराठी बातमी, मग इंग्रजी बातमी, मग समजावून सांगणारा लेख, आणि या तिन्हींनंतर अग्रलेख, असा क्रम ठेवला तर तोच अग्रलेख पंधरा मिनिटांत वाचून होतो आणि पटला नाही तर का पटला नाही हेही सांगता येते. रोज अग्रलेखातले कठीण शब्द काढून त्यांच्या याद्या विकणारे क्लास आणि व्हिडिओ नेमकी ही शिडी उलटी लावतात.

मासिकातला दीर्घ लेख ही वेगळी जात आहे. तो बहुतेक वेळा एखाद्या माणसाच्या वर्णनाने सुरू होतो: पहाटेची वेळ, अंगणातला पत्रा, हातावरच्या सुरकुत्या. शब्दांच्या दृष्टीने हाच भाग सगळ्यात अवघड असतो आणि मुद्द्याच्या दृष्टीने सगळ्यात बिनमहत्त्वाचा. शिकणारा तिथेच शब्दकोश घेऊन बसतो आणि लेख तिथेच संपवतो. अमेरिकी पत्रकार ज्याला 'नट ग्राफ' म्हणतात तो परिच्छेद शोधावा. तिसऱ्या ते सहाव्या परिच्छेदाच्या आसपास कुठेतरी लेखक सांगतो की ही गोष्ट मी कशासाठी सांगतो आहे. तिथून सुरुवात करावी, वर्णन नंतर आवडीने वाचावे. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'सारख्या नियतकालिकात वर्णनाची अडचण नाही, पण तिथे प्रत्येक परिच्छेदात परिभाषा असते. आपला विषय पक्का झाल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

शब्दकोशाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. अनोळखी शब्द पहिल्यांदा भेटला तर सोडून द्यावा, त्याच विषयात दुसऱ्यांदा भेटला तर बघावा. याला एक अपवाद आहे आणि तो लहान शब्दांचा आहे. विद्यार्थी लांबलचक नामे शोधतात आणि 'अनलेस', 'डिस्पाइट', 'बॅरिंग', 'सब्जेक्ट टू', 'अमिड' यांवरून डोळा घसरवून पुढे जातात. बातमीचा अर्थ पुष्कळदा या लहान शब्दांवरच फिरतो. ४ मे २०२४ ला निर्यात खुली झाली ती टनामागे ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क या दोन अटींसह. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०. कांद्याचा टन देशाबाहेर पडायचा तो ७७० डॉलरच्या आत नाही. 'सब्जेक्ट टू'नंतरचा तेवढा भाग ज्याने वाचला नाही त्याने बंदी उठली म्हणून आनंद मानला. ज्याने वाचला त्याला बाजारात भाव का उसळला नाही ते कळले.

मोबाइलवर सगळा लेख एका दाबात मराठीत करून घेणे आता सोपे झाले आहे. वाचून झाल्यावर आपला अर्थ ताडून पाहायला त्याचा उपयोग करावा. आधी केला तर इंग्रजी वाक्याशी गाठच पडत नाही, एवढेच सांगतो.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माहीत असलेलेच वाचत राहिले तर माणूस आपल्या तालुक्याबाहेर जाणार कधी? माझा अनुभव सांगतो की कुठलाही विषय नीट धरला तर तो शेजारच्या विषयात स्वतःच नेऊन सोडतो. कांद्याच्या बातमीत निर्यात येते, निर्यातीत बांगलादेश आणि श्रीलंका येतात, डॉलर येतो, डॉलरबरोबर रुपयाचा विनिमय दर. दुसऱ्या बाजूने कांद्यातून महागाई येते. २०१२ पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, म्हणून भाजीचा भाव चढला की रिझर्व्ह बँकेला जाग येते. तिथून सहा सदस्यांची पतधोरण समिती, ४ टक्क्यांचे लक्ष्य, वरखाली २ टक्क्यांची मुभा आणि रेपो दर. घरकर्जाच्या हप्त्यापर्यंत ही साखळी जाते. चांदवडची मुलगी याच वाटेने अर्थव्यवस्थेच्या पानावर पोहोचते, आणि पोहोचते तेव्हा तिच्या पायाखाली जमीन असते. सगळ्या विषयांची वरवरची ओळख करून घेतलेल्या वाचकाला रेपो दर पाठ असतो, पण तो का हलतो ते सांगता येत नाही. परीक्षेच्या मुलाखतीतही हा फरक लपत नाही.

वाचनाला पहिला मान का द्यावा, यावर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडात विचार झालेला आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजी शिकवताना त्यांनी पाहिले की बहुतेक मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी विम्याच्या व्यवहारातली 'सरेंडर व्हॅल्यू' ही कल्पना शिक्षणाला लावली: मध्येच सोडणाऱ्याच्या हाती काय उरते? बोलणे अर्धवट शिकलेल्याच्या हाती फारसे काही उरत नाही, कारण बोलायला समोर माणूस लागतो. वाचन थोडे आले तरी ते एकट्याने वाढवता येते. त्यांनी मोजक्या शब्दांची, नवे शब्द दूरदूर पेरलेली वाचनपुस्तके तयार केली. १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी आली. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ साली सुमारे पंधराशे शब्दांत बातम्या देणे सुरू केले तेही याच जातीचे काम. ज्याला पेपर अजून फारच जड जातो त्याने तशा सोप्या इंग्रजीतल्या बातम्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही.

आपल्याकडे मात्र इंग्रजी म्हणजे बोलणे असे समीकरण झाले. प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ स्पोकन इंग्लिशची पाटी आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्याआधी ते पाचवीपासून होते. पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढ्या आता नोकरीच्या वयाच्या आहेत. त्यांतल्या किती जणांना एक इंग्रजी बातमी सलग वाचून तिच्यातला मुद्दा मराठीत सांगता येईल, हा प्रश्न कुठल्याही महाविद्यालयाच्या वर्गात विचारून पाहावा. चार वाक्ये धिटाईने बोलता आली नाहीत म्हणून लाजणाऱ्या मुलांना मला कळकळीने सांगावेसे वाटते की बोलण्याची वाट पाहू नका. निर्यातीची अधिसूचना वाचता येणारा, पण इंग्रजी बोलताना अडखळणारा शेतकरी स्वतःच्या व्यवहारात कुणाचा मिंधा नसतो.

यासाठी लागणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये गावोगाव उभी राहिली. त्यांच्या वाचनकक्षात मराठी पेपरांभोवती गर्दी असते आणि इंग्रजी पेपर, येत असलाच तर, बाजूला पडलेला असतो. महिनाअखेरीस तो रद्दीत जातो. तो रद्दीत जाऊ नये. ग्रंथालयाने आपल्या भागाचा एक विषय ठरवावा. निफाडने कांदा, सांगलीने हळद आणि बेदाणा, रत्नागिरीने हापूस, चंद्रपूरने वाघ आणि माणसाचा संघर्ष, कोल्हापूरने उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, जे सहा जिल्ह्यांच्या दीर्घ मागणीनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. त्या विषयावरच्या इंग्रजी बातम्या कापून, तारीख घालून, त्याच दिवसाच्या मराठी कात्रणासह एका फाइलमध्ये लावाव्यात आणि ती फाइल दहावी-बारावीच्या मुलांच्या हाताला येईल अशा जागी ठेवावी. वर्षभरात अशी एक फाइल जाडजूड होते. हे काम सुरू करायला ग्रंथपालाला फार इंग्रजी यावे लागत नाही. मथळ्यातला 'ओनियन' किंवा 'टर्मरिक' ओळखता आला की पहिले कात्रण काढता येते.